हनुवटीचा झटका

२ फेब्रुवारी
गोळा बाहेर डोकावतोय! देनपसार शहरातल्या डॉक्टरांनी आरशात दाखवला — डोळ्याच्या खोबणीत मोहरीएवढा पांढरा ठिपका. झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला बांधलेल्या पात्यानं डोळा गेला, तेव्हा मी लहान होते. डोळा काढून आत गोळा बसवला, त्यावर हा नकली डोळा. तीस वर्षं निमूट राहिला. आता वरची कातडी विरली म्हणे. गोळा बदलायचा. नवा कितपत हलेल, ते सांगता येत नाही!

देवळातल्या नाचात नजर कोपऱ्यात फेकता आली नाही, तर माझ्याकडे उरलं काय?

३ फेब्रुवारी
पुजारीबुवा आले. डोळ्यातून रक्त येतं हे गावभर झालंय. रक्त वाहत असताना देवळात पाऊल टाकायचं नाही — मान्य, माझ्याकडे नाच शिकणाऱ्या मुलींना मीच हे सांगते. पण पुढे म्हणाले, "यंदा उत्सवात तुमच्या शिष्येला, आस्तिनीला नाचू द्या. तुम्ही मुखवट्याचा नाच धरा. कुणाला काही दिसणार नाही."

म्हटलं, "तोंड लपवायला मी काय चोरी केलीय?"

कॉफी न पिताच गेले. जाऊ देत.

४ फेब्रुवारी
गोळा बदलून घेणार. उत्सव जूनमध्ये. बघू कोण नाचतं!

२० फेब्रुवारी
झालं ऑपरेशन. डोकं ठणकतंय. वहिनी उशाशी रडत बसली. म्हटलं, माझ्या वाटचंही रडून घे, मी झोपते.

१७ एप्रिल
नवा नकली डोळा बसवला. आरशासमोर नजर फेकून बघायचा धीर होत नाही. खोटं कशाला लिहू — भीती वाटते.

५ मे
आस्तिनी मुलींना शिकवत होती. माझी सगळ्यात जुनी शिष्या. तरी राग येतोच. नजर फेकताना सगळ्याजणी हनुवटीला बारीक झटका देतात. हे कुठून आलं? मग उमगलं, हसू आवरेना. माझंच! जुना डोळा कोपऱ्यापर्यंत पोचायचा नाही, उरलेलं मी हनुवटीनं भागवायचे.

शेजारगावचा म्हातारा ढोलकीवाला म्हणाला, "तुमच्या गावची ही फार जुनी रीत. आमच्याकडे नाही."

मी गंभीरपणे मान डोलावली!

१ जून
जखम भरली. पुजारीबुवांचा निरोप: आधी नाच दाखवा, मग ठरवू.

४ जून
दाखवला. नवा डोळा थेट कोपऱ्यात गेला — हनुवटी न हलवता! आस्तिनी उठून जवळ आली, हळूच म्हणाली, "बाई, चुकलात. झटका राहिला."

पुन्हा उभी राहिले. झटका दिला. पुजारीबुवा "ठरलं" म्हणाले. उत्सवात मीच नाचणार.