मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप

प्रिय ताई,

हे पत्र एकटी असताना वाच. दाजी घरात असतील तर घडी घालून ठेवून दे. का ते सांगते, पण मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

शाळेत रुजू होऊन चार महिने झाले. दोन खोल्या, पुढे ओसरी. एका खोलीत पहिली-दुसरी मी सांभाळते, दुसरीत तिसरी-चौथी हेडसर. फळा इतका गुळगुळीत झालाय की खडू उमटतच नाही. नळ दोन, त्यातला एक कायमचा रुसलेला. पण मुलं गोड आहेत. पहिलीतली एक चिमुरडी मला विचारते, "बाई, तुम्ही अजून पहिलीतच कशा?"

शाळेमागे मुलींचं स्वच्छतागृह आहे. दोनच वर्षांपूर्वी बांधलेलं, गुलाबी रंगाचं, आणि दाराला हे भलंमोठं कुलूप. मी किल्ली मागितली तर हेडसर म्हणाले, "हरवलीय." आणि ती किल्ली मी शिपाईणबाईंच्या कमरेला लटकताना पाहिली! मग एकेक गोष्ट खटकायला लागली. मधल्या सुट्टीत नळावर फक्त मुलगे असायचे. मोठ्या मुली दिवसभर पाण्याचा घोटही घेत नव्हत्या. चौथीतली एक पोट धरून रडायला लागली, तिला घरी पोचवलं. डॉक्टरांनी लघवी कोंडल्याचं दुखणं सांगितलं. आठवडाभर तिची जागा रिकामी होती.

तेव्हापासून हेडसरांवरचा माझा विश्वासच उडाला. ते आणि शिपाईणबाई हळू आवाजात काहीतरी बोलत असायचे आणि मी आत पाऊल टाकलं की दोघं गप्प. टेबलाचा एक खण ते माझ्यासमोर कधीच उघडत नसत. एका शनिवारी शाळा सुटल्यावर छत्री विसरली म्हणून परतले, तर दोघं स्वच्छतागृहामागे पहारीनं जमीन ठोकून बघत होते. मला वाटलं, शाळेचं सामान दडवतायत. मी घरी येऊन हेडसरांविरुद्ध तीन पानी तक्रार लिहून काढली.

ती पाठवण्याआधी तोंडावर सांगावं म्हणून सोमवारी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, "बाई, मला वाटत होतं तुम्हालाच आमच्यावर नजर ठेवायला पाठवलंय." त्यांनी मला मागे नेलं. फळ्या आणि दगड बाजूला केले. खाली मैलाखड्डा होता, त्यावरचं झाकण जेमतेम दोन बोटं जाड, आत सळईचा पत्ता नाही. मागच्या वर्षी दुसरीतल्या एका मुलीच्या पायाखाली ते खचलं. शिपाईणबाईंनी तिचा दंड धरला म्हणून ती वाचली. त्याच दिवशी कुलूप लागलं. हेडसरांनी वर तीन पत्रं पाठवली, उत्तर एकाचंही नाही. त्यांच्या प्रती त्या खणात होत्या. मी तिथेच उभ्याउभ्या वाचल्या. तिन्हींत ठेकेदार म्हणून दाजींचं नाव होतं.

ताई, दाजी बांधकामाचे ठेके घेतात एवढंच मला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी ते मला सोडायला आले, पण फाटकातूनच परतले. तेव्हा त्यांना घाई असेल असं वाटलं. हेडसरांनी ओसरीतून त्यांना ओळखलं होतं. कुणी मेव्हणीसमोर तोंड उघडेल का?

मी तक्रार नव्यानं लिहिली आहे. हेडसरांचं नाव खोडलं, दाजींचं घातलं. परवा पाठवणार आहे, तुझं उत्तर काहीही असलं तरी. मग हे पत्र कशाला, असं तू म्हणशील. दर रविवारी तू फोनवर विचारतेस, "शाळेच्या मागच्या अंगाला जात नाहीस ना?" मी समजत होते, तुला सापांची भीती वाटते. हेडसरांवर इतके दिवस संशय घेतला, तेव्हा मला झोप लागत होती. हा एक संशय मात्र मला सहन होत नाही. ताई, खरं सांग, तुला माहीत होतं का?

तुझीच,
धाकटी