चुन्यातली नीळ

ऑगस्ट १९७८, शुक्रवार. पडेगाव.

सकाळी कंपनीत जाताना बायकोला बजावलं होतं, बाहेरच्या भिंतीला पांढरा चुनाच दे, नीळ चिमूटभर टाक. विद्यापीठाच्या नामांतरावरून खेड्यांत आमच्या लोकांची घरं जाळतायत. या गल्लीत आमचं एकच.

संध्याकाळी आलो तर भिंत निळी. म्हटलं, ओली आहे, वाळली की पांढरी पडेल. वाळली. निळीच.

शेजारचे काका फाटकाशी थांबले. "लांबून लई उठून दिसतंय," एवढंच बोलले. कौतुक होतं, की खूण करून ठेवली?

उद्या वरून पांढरा हात मारतो म्हणालो. बायको म्हणाली, "चुकून नाय पडली. अख्खी पुडी टाकली. तुम्ही पुसा, मी परत देईन."

हे लिहितोय आणि फाटकाशी पुन्हा कुणीतरी थांबलंय.