ओठाला अस्वल सापडेना

सूनबाई,

ही चिठ्ठी पिठाच्या डब्यात ठेवतोय, कारण माझा चिरंजीव तिथे कधी हात घालत नाही. मी पुढे जाऊन तलावाकाठी तंबू ठोकतो. एकट्याने पहिलीच खेप आहे, आणि हॉलमध्ये सराव केला तेव्हा तंबूच माझ्या अंगावर बसला होता, म्हणजे संध्याकाळ होणार. खुंट्या ठोकायचा हातोडा सोबत नेलाय; चिरंजीवाच्या हाती तो पुन्हा पडायला नको. माझं कपाळ अस्वलाने फोडलं, ही थाप शेजाऱ्यांकडे पचली. तुझ्या फुटलेल्या ओठासाठी मात्र मला एकही जनावर सापडेना. म्हणून खालच्या काकूंना खरं सांगून टाकलं. तुझी बॅग त्यांच्याकडेच आहे. तो कामावरून यायच्या आत नीघ. तंबू दोघांना पुरतो.

तुझा थापाड्या सासरा