मागच्या पायडलचा जोर

४ सप्टेंबर, रविवार

सीट! ज्या कोणी सायकलीची सीट घडवली, त्याने मनुष्यदेह फक्त समोरून पाहिला असला पाहिजे. एरवी हा घोर अन्याय घडला नसता. घोड्यावर खोगीर टाकतात हे समजू शकतो. इथे घोडाही मीच आणि स्वारही मीच. आज सकाळी घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो आणि आता ही नोंद ओट्यावर वही ठेवून, उभ्याउभ्या लिहितो आहे.

बायको खुर्चीत ऐसपैस बसून चहा पिते आहे. तिची सीट मऊ आहे. "पुढे बसायचा हट्ट तुमचाच होता," म्हणाली. होता.

वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो, वार्ताहराची खोड. ही दोन माणसांची सायकल आहे. दुकानदार टँडम म्हणतो, मी जोडसायकल म्हणतो. पुढे हँडल, गिअर, ब्रेक आणि मी. मागे नुसती पायडलं आणि ही. दोघांची पायडलं एकमेकांना चेनने बांधलेली, एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरणारच. शाळेतल्या शास्त्रीबुवांनी याला द्वंद्व समास म्हटलं असतं: दोन्ही पदं सारख्याच मोलाची. प्रत्यक्षात उत्तरपदाला रस्ता दिसत नाही, पूर्वपदाची घामट पाठ तेवढी दिसते. "देखावा काही बदलत नाही हो," ही तिची एकमेव तक्रार.

६ सप्टेंबर

हे लचांड घरात का आलं, तेही लिहून टाकतो.

गेल्या वर्षी हिचं आजारपण झालं. ऑपरेशन झालं, मग ती औषधं, मग केस गेले, मग आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता संपलं, फक्त दर तीन महिन्यांनी दाखवून जा. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ही म्हणाली, "मला खिंडीतून पलीकडे जायचंय. सायकलवर." आयुष्यात हिने केलेली ही दुसरी अव्यवहार्य मागणी. पहिली म्हणजे माझ्याशी लग्न.

आजाराचं नाव घरात काढायचं नाही, असं काही ठरलेलं नाही. पण कोणी काढत नाही.

११ सप्टेंबर, रविवार

साडूभाऊंच्या टोळीबरोबर गेलो. साडूभाऊ दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांचे जबडे उघडतात आणि रविवारी स्वतःचा मिटत नाहीत. मनगटावर घड्याळ आहे. ते चढ मोजतं, नाडी मोजतं, झोप मोजतं. पापपुण्याचीही सोय असावी. टोळीतला प्रत्येक जण सायकलीचं वजन घटवण्यासाठी जिवाचं रान करतो. पोटाचा विषय निघाला की सगळे डोंगराकडे बघू लागतात. कपडे तर इतके तंग की कोणाचं काही खाजगी म्हणून उरलेलं नाही. माझंही. मी आरशाकडे पाठ करून घराबाहेर पडतो.

आज दगडखाणीमागची पायवाट. मुळं, खळगे, शेवटी एक ओढा. साडूभाऊ ओरडले, "मध्ये थांबायचं नाही! मारत राहा!" मी मध्ये थांबलो. ब्रेक दाबलाच गेला. दोघंही पाण्यात! साडूभाऊंनी आधी फोटो काढला, मग हात दिला.

ही पाण्यातच बसून हसत होती. थांबेचना. हेल्मेट एका कानावर, नाकाला चिखल. इतकं हसताना तिला शेवटचं कधी पाहिलं, आठवून पाहिलं. आठवलं नाही.

बरं वाटलं. साडूभाऊंना सांगणार नाही, श्रेय घेतील.

१८ सप्टेंबर, रविवार

चढाची निंदा करावी तेवढी थोडी. पण उतार! घाटातल्या देवमाणसाने (म्हणजे रस्ता बांधणाऱ्याने) पाचव्या वळणानंतर असा काही उतार काढला आहे की जन्माचं सार्थक. पाय थांबलेले, कानात वारा, डोळ्यांत पाणी, खाली दरीत ढगांच्या सावल्या आपल्याबरोबर पळताहेत. माझ्यासारखा ब्रेक उराशी धरून जगणारा माणूस, तोही दोन वळणं तक्रार विसरला. मागून ही ओरडते, "सोडा हो ब्रेक! काय ते कुरकुरवताय!" मग जी आरोळी ठोकली तिने! बाजूच्या रानातली गाय दचकली.

पन्नाशीला आलेली दोन माणसं. शोभतं का? अजिबात नाही.

२१ सप्टेंबर

पंक्चर. साडूभाऊंनी फोनवरून मार्गदर्शन केलं. आता दोन पंक्चर आहेत.

२५ सप्टेंबर, रविवार

आज घाटात सायकल जड लागली. गेल्या रविवारचाच रस्ता, तेच वळण. मी म्हटलं, "मागे बायको बसलीय की पाहुणी?"

"हवा खातेय."

"खा. हमालाला भूक नसतेच."

"हमालाने तोंड बंद ठेवलं तर श्वास पुरेल."

नेहमीचंच. पण जोडसायकलीची एक गंमत आहे. मागचं माणूस पाय फिरवतं आहे की जोर लावतं आहे, हे बघणाऱ्याला ओळखता येत नाही. पाय दोन्ही वेळी सारखेच फिरतात. पुढच्याला मात्र तळव्यांत कळतं. आज तळव्यांत काही आलं नाही.

आळस! दुसरं काय.

२७ सप्टेंबर

नगरपालिकेची सभा. अख्खी दुपार सगळे सभासद पाय फिरवत होते, जोर एकाचाही नव्हता. बातमी दोन परिच्छेदांत संपवली. संपादक म्हणाले, "आज धार नाही तुमच्यात." खरं आहे. लक्ष नव्हतं.

२९ सप्टेंबर

आज एक नीचपणा केला.

संध्याकाळी तळ्याच्या रस्त्याने दोघंच गेलो. तिथे एक चढ आहे, चढ म्हणायला तळ्यालाही लाज वाटेल इतपत. त्याच्या मध्यावर मी जोर काढून घेतला. पाय फिरू दिले, नुसते. म्हटलं, बघू मागची बाजू किती ओढते.

सायकल थोडी पुढे गेली. मग मंद झाली. मग थांबली. पाय टेकले.

"काय झालं?" ही म्हणाली.

"चेन घसरली असावी."

उतरून चेनशी खटपट केली. चेन जागेवर होती. तरी बोटं काळी करून घेतली, पुरावा म्हणून. वर पाहिलं तर ही तळ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर घाम होता. त्या चढाला!

"बसली का?" तिने विचारलं.

"बसली."

बाकीचा रस्ता मी जिवाच्या आकांताने मारला. ही मागून म्हणाली, "आज जोरात आहात अगदी." होतो.

१ ऑक्टोबर

कचेरीतून लवकर आलो. दुपारी झोपलेली दिसली. ही दुपारी झोपत नाही. हिचं म्हणणं, दुपारची झोप संपादकांसाठी असते.

उद्या खिंड. मी म्हटलं, "आभाळ भरलंय, पुढच्या रविवारी जाऊ." खिडकीबाहेर लख्ख ऊन. हिने खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हवामानाची बातमी तुम्ही देत नाही ते बरंय," म्हणाली, आणि पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या.

२ ऑक्टोबर, रविवार

गेलो. साडूभाऊ आणि टोळी पुढे, आम्ही शेवटी. पहिल्या टप्प्यात बोलत होती, सगळ्यांची टर उडवत होती. नंतर बोलणं थांबलं. मी विनोद करत राहिलो. मागून "हं" यायचं. मग "हं"ही येईना.

खिंड वर दिसायला लागली आणि माझ्या पाठीला काहीतरी टेकलं. तिचं हेल्मेट. पाय फिरत होते, कारण माझे फिरत होते.

मी किंचाळलो. "गुडघा! अयाई गं, गुडघा!"

झालं! टोळी उलटी फिरली. प्रत्येक जण अस्थितज्ज्ञ. दातांच्या डॉक्टरांनी माझा गुडघा दाबून पाहिला, आ करायला तेवढं सांगितलं नाही. "तरी मी सांगत होतो, सीट खाली आहे तुमची! वयाप्रमाणे वागावं माणसाने." एकाने मलम फासलं. हिला सगळ्यांची सहानुभूती, असा नवरा पदरी पडल्याबद्दल. ती रस्त्याकडेच्या दगडावर बसून घोट घोट पाणी पीत होती. कोणाचं लक्ष नव्हतं. हेच तर हवं होतं.

"तुम्ही व्हा पुढे," ती साडूभाऊंना म्हणाली. "ह्यांना मी चालवत आणते."

चालत निघालो. एका बाजूने मी सायकल ढकलतोय, दुसऱ्या बाजूने तिने हात ठेवलाय, ढकलायला की आधाराला, ते विचारलं नाही. टोळी वळणाआड गेली तरी मी इमानाने लंगडत होतो.

"डावा," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"मघाशी डावा दुखत होता. आता उजवा लंगडताय."

मी लंगडायचं थांबवलं. ती हसली नाही. मीही नाही. तशीच माझा दंड धरून वर आली.

खिंडीत वारा इतका की बोललेलं ऐकू येईना. पलीकडचं खोरं उन्हात पडलेलं. एक पांढरा रस्ता, कुठेतरी धूर. तिने हेल्मेट काढलं. नवे केस उडायला लागले, तिने उडू दिले. "आले की नाही?" म्हणाली. मला नाही, खोऱ्याला.

उतरताना म्हणाली, "ब्रेक सोडा." सोडले.

४ ऑक्टोबर

तपासणी पुढच्या महिन्यात होती. तिने स्वतः फोन करून उद्याची वेळ घेतली आणि जेवताना मला सांगितली, मीठ मागावं तशी. मग म्हणाली, "त्या दिवशी चेन घसरली नव्हती. तुमचे पाय मलाही कळतात."

गुडघा ठणठणीत आहे. सीटबद्दलची तक्रार मागे घेतो. तिला पुन्हा तेच झालं असेल, याची मला फार भीती वाटते आहे.