चपातीच्या तेलाचा डाग

अप्पा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज लिहितेय ती तुमची आठवण दाटून आली म्हणून नव्हे. तुमच्या कवीमित्राचे पुतणे परवा मुखेडहून इथं मुदखेडला आले होते. त्यांच्या गावात वाचनालय काढतायत. तुम्ही काढलेलं त्यांच्या काकांचं पेन्सिलचित्र तिथं लावायचं म्हणाले.

ते चित्र झालं तो उन्हाळा मला पाठ आहे. आपलं लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, नव्या जिल्ह्यात तुमच्या मित्राचा सत्कार ठरलेला, आणि नळ कोरडे. अव्वा पहाटेपासून टँकरच्या रांगेत. मित्र एसटीनं यायचे, खुर्चीत बसून तिसरा चहा मागायचे. "वहिनी, तुमच्या घरचं पाणी लई गोड." अव्वा हसायची नाही. आम्हाला भाकरी, त्यांना गव्हाची चपाती. वर एक कोरडी, बिनतेलाची, तुमच्या चित्रासाठी. तिचा मऊ गाभा खोडरबरासारखा मळून तुम्ही कागदावरचं शिसं टिपायचात, मित्राच्या गालावर उजेड आणायला. आम्ही जेवलो का, हे विचारलं नाहीत कधी.

एके दिवशी रांगेतून थकून आलेल्या अव्वानं सवयीनं त्या चपातीलाही तेल लावलं. डाग थेट गालावर. तुम्ही मित्रादेखत म्हणालात, "एक काम धड जमलं न्हाई तुला जन्मात." ती पदराला हात पुसत राहिली. मित्र जेवत राहिले.

दोन वर्षांत ती गेली. शिवगण आराधनेला मांडायला तिचा एक फोटो निघाला नाही. तिचं चित्र काढा, मी म्हणाले, तर तुम्ही, "चेहरा पाठ हाय मला, काढू कधीबी." एकदा बसलात. कपाळावरच्या विभूतीच्या तीन रेघा काढल्यात आणि पुढं काही आठवेना. त्या पुसून त्याच कागदावर मित्राचा हात काढलात. मी दारातून बघत होते.

पुतण्यांना मी सांगितलं, चित्र वाळवीनं खाल्लं. सकाळची लिंगपूजा आटोपून, विभूती लावल्या कपाळानं खोटं बोलले. चित्र ट्रंकेत आहे. डाग पिवळा होऊन पसरलाय. तिच्या हातचं म्हणून एवढंच उरलंय माझ्याकडे. तुमच्या मित्राचं तोंड मला घरात नको, म्हणून एकदा कात्री घेऊन बसलेही होते. पण डाग एकटा निघत नाही, अप्पा. त्यांचा गाल बरोबर येतो. कात्री परत ठेवली. हे पत्रही आता त्याच ट्रंकेत, चित्राखाली सारते.