बाहीखालचा बुद्ध

१२ जानेवारी
व्हिसा आला! आईचा आणि माझा, दोघांचा! तीस दिवस श्रीलंका! चाकणला शिफ्टमध्येच मेल बघितला आणि मशीनपाशी ओरडलो. सुपरवायझर धावत आला — "राव, बोट कापलं का?"

आईने कंपनीच्या कँटीनमध्ये जन्मभर चपात्या लाटल्या. बाबा गेल्यापासून एकच ध्यास — अनुराधपूरचा बोधिवृक्ष बघायचा.

१५ जानेवारी
ट्रॅव्हलवाल्या उत्कर्षाताईंनी नियम सांगितले. पासपोर्ट निदान सहा महिने चालू हवा. परतीचं तिकीट हवं. परवानगीशिवाय रोपं न्यायची नाहीत. आईचं तोंड उतरलं — बोधिवृक्षापाशी लावायला तिने कुंडीतला मोगरा काढून ठेवला होता! "झाडाला कसला आलाय व्हिसा गं?"

मग ताईंची नजर माझ्या हातावर गेली. मनगटाच्या वर बुद्धाचा चेहरा गोंदवलाय मी. "भाऊ, तिकडं हा अपमान समजतात. काहींना विमानतळावरूनच परत पाठवलंय म्हणे."

मी हात टेबलाखाली घेतला.

१६ जानेवारी
आई म्हणाली, "फुल बाह्यांचा शर्ट घाल. पण कुणी विचारलं तर खोटं बोलायचं न्हाई."

२१ जानेवारी, कोलंबो
अडकलोच! पासपोर्ट पुढे करताना बाही सरकली. काउंटरवरच्या बाईंनी बघितलं, हसू गेलं, बाजूला बसवलं. मी मोडक्या इंग्रजीत सांगतोय — आम्ही बौद्ध, प्रेमाने गोंदवलंय. त्या पासपोर्टच चाळत राहिल्या.

आईचा शिक्का झाला होता. तरी ती मागे वळून आली. इंग्रजीचा एक शब्द येत नाही. माझ्याशेजारी उभी राहिली, हात जोडले आणि मोठ्याने त्रिशरण म्हणायला लागली — बुद्धं सरणं गच्छामि!

बाई थबकल्या. दुसऱ्या ओळीला त्यांचेही ओठ हलायला लागले. तीच पाली भाषा, चाल तेवढी वेगळी! शेवटची ओळ दोघी मिळून म्हणाल्या.

मग शिक्का. "देवळात हात झाकून जा," एवढंच म्हणाल्या. बाहेर येऊन आई आणि मी वेड्यासारखे हसलो.

२३ जानेवारी, अनुराधपूर
बोधिवृक्ष बघितला! आई रडली, मीही.

२४ जानेवारी
काल संध्याकाळी आई इथल्या भिक्खुणींच्या विहारात बसली, ती उठेचना. सकाळी मला म्हणाली, "धम्मा, मला चीवर घ्यायचंय, भिक्खुणी व्हायचंय. तू जा घरी."

मुक्काम वाढवायला कुठले कागद लागतात, ते विचारायला निघालोय. तिच्या एकटीसाठी.