सेनापतीचं नाव बदलायचंय

मारूसो मावशी, तुझ्या दोन्ही हातांचे मुके घेते. गुडघे कसे आहेत? शेळी व्याली का? मी चार रात्री झोपले नाहीये. बाळामुळे नाही, ते (थू थू थू, दृष्ट नको) पोटभर पिऊन आजोबांसारखं घोरतं. मी जागी आहे ती भीतीनं. एका संताला मी शब्द दिलाय आणि घरात कुणाला सांगितलेलं नाही.

झालं असं, की जानेवारीत बाळ तापलं. बाहेर हा एवढा बर्फ, डॉक्टर खाली शहरात, खेचर पाऊल टाकेना. बाळाचे ओठ निळे पडले. मी भिंतीवरच्या संत स्टिलियानोसला म्हणाले (तोच गं, हातात तान्हं घेतलेला), याला वाचव, तुझंच नाव ठेवते. पहाटे ताप उतरला. म्हणजे त्यानं त्याचं काम केलं. आता मी शब्द फिरवला आणि त्यानं दिलेलं परत मागितलं, तर मी काय करू?

आणि इथे सासरे. पहिल्या नातवाला आजोबांचं नाव, हे आपल्यात ठरलेलंच. पण यांचं नाव एपामिनोंदास! "स्पार्टाची खोड मोडणाऱ्या सेनापतीचं नाव आहे सूनबाई, दोन हजार वर्षांपूर्वीचं!" हे दिवसातून दहा वेळा. बाळाला अजून नाव नाही, तर ते त्याला सेनापतीच म्हणतात. दुपटं भिजलं की, "सेनापतींनी नदी ओलांडली!" त्यांच्या कॉफीच्या दुकानात लाम्ब्रोस न्हावी म्हणाला, "त्या सेनापतीला तुझ्यासारखी ढेरी होती का रे?" तर दोन दिवस त्याला बिनसाखरेची कॉफी. नवऱ्याला सांगावं, तर तो बापासमोर मांजर. (बाकी लाख माणूस आहे. लंगोटसुद्धा वाळत घालतो, पण हे कुठे बोलू नकोस.)

रविवारी बाप्तिस्मा. धर्मबाप आपला सारांतिस. नाव त्याच्याच तोंडून निघणार आणि मी, आई, रिवाजाप्रमाणे देवळाच्या दाराबाहेर उभी. एकदा तो बोलला की संपलं. सासऱ्यांनी भरदुकानात फोनवर त्याच्याकडून तीनदा एपामिनोंदास वदवून घेतलंय. माझ्या या भावाला तू ओळखतेसच, लहानपणी "हलू नकोस" म्हटलं की पावसातही तिथेच उभा. मी फोन करावा म्हटलं, तर गावातला एकुलता फोन सासऱ्यांच्या दुकानात, आणि कुणी फोन उचलला की सगळं गाव कप खाली ठेवून ऐकतं.

बाकी सुख आहे. बाळाला दोन हनुवट्या आल्यात.

ता. क. – पत्र बंद करत होते, तेवढ्यात कोठारात तेल आणायला गेले. सासरे तिथे बुधल्यांमागे काहीतरी लपवत होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेली मेणबत्ती, त्यांच्याच उंचीची! चोरासारखे लाल झाले. म्हणाले, "हळू बोल गं! त्या रात्री मीच नवस बोललो स्टिलियानोसबाबाला. माझं नाव नको, पोरगं राहू दे." मग मीही माझं सांगितलं. दोघंही रडलो. डोळे पुसून म्हणाले, "पण दुकानात कळता कामा नये. तो लाम्ब्रोस मला मरेपर्यंत सोडायचा नाही. माझ्याच दुकानातून मी फोन करू कसा?"

ता. ता. क. – मावशीला हे पत्र जे कोणी वाचून दाखवताय, मास्तर असा की पाद्रीबाबा, चष्मा काढू नका, तसेच उठा. तुमच्या गावातून पिरायस बंदरातल्या जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात फोन लावून तिथे कामाला असलेल्या माझ्या भावाला, सारांतिसला सांगा, नाव स्टिलियानोस. त्यानं ते मोठ्यानं म्हणावं. मग सासरे ओरडतील, टोपी आपटतील, "दगा! दगा!" म्हणतील. तेव्हा त्यानं घाबरून नाव बदलू नये. आत्ता कोठारात त्याचीच तालीम चाललीय आणि त्यांना ते फार छान जमतंय. फोन तेवढा आजच करा.